घरी नसलेले मालक

आमचे घरमालक घरात असताना घरी नसत. खाकरण्याचा आवाज येई, रेडिओ चालू असे, पलंग कुरकुरे, दाराच्या फटीतून त्यांचे पायमोजेसुद्धा दिसत. तरी दारावर थाप पडली की त्यांची बायको, आमच्या काकू, उठून येत, दार हातभर उघडत आणि समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता सांगत, "घरी नाहीत." शुक्रवार पेठेत त्यांच्या माडीवर मी भाड्याने राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाई जरा विसराळू असाव्यात. नंतर कळलं की लग्न होऊन आल्यावर त्यांना या घरात सगळ्यात आधी हेच वाक्य शिकवलं गेलं होतं.

मालक जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आवक-जावक विभागात कारकून होते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा, त्यावर आवकचा शिक्का बसायचा आणि मगच तो साहेबांकडे जायचा. या कामातून एखादा माणूस नीटनेटकेपणा शिकला असता. हे शिकले ते एवढंच, की शिक्का बसेपर्यंत कागद कुणाचाच नसतो. नको असलेला कागद घेऊन कुणी आलं की ते टेबल सोडून चहाला जात, आणणारा ताटकळून परत फिरे, आणि कारखान्याच्या लेखी तो कागद आलेलाच नसे. साहेब खूश, मालक खूश. निवृत्त झाल्यावर त्यांनी हीच पद्धत घरी आणली. "हातात घेतलं की आपलं झालं," ते मला सांगत. "न्हाय घेतलं, तर तो कागद जगाच्या पाठीवर न्हाय. लिहून ठेवा." लिहून त्यांच्याच हातात दिलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं.

लग्नाच्या पत्रिका ते घेत नसत. पत्रिका घेतली की जावं लागतं, असा हिशेब. एसटीत तिकीट काढलं की कंडक्टरला म्हणत, "राहू द्या तुमच्याकडंच." एकदा पोटात दुखत होतं म्हणून रक्त तपासलं, तर रिपोर्टचं पाकीट घ्यायला तयार नाहीत. प्रयोगशाळेतली मुलगी बिचारी हात पुढे करून उभी आणि हे दोन्ही हात पाठीमागे बांधून. "तोंडानं सांगा," म्हणाले. तिनं सांगितलं की काही नाही, पित्त आहे. त्यावर हे तिला म्हणाले, "पित्त न्हाय, आम्लपित्त."

ही त्यांची दुसरी खोड. चुकीचं काही कानावर पडलं की दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मी "अकरा वाजले" म्हणालो की "दोन मिनिटं कमी हायत." भाजीवालीनं आरोळी दिली की तिची भाजी कुठल्या गावची हे तिलाच सांगत. गल्लीतल्या गणपतीच्या आरतीत एकदा पोरांनी एक कडवं आधीचं नंतर म्हटलं. मालकांनी हात वर करून आरती थांबवली, सगळ्यांना पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लावलं, तोवर तबकातला कापूर विझून गेला. गल्लीतल्या तेलुगू विणकरांना ते त्यांच्याच नावांचे उच्चार शिकवत. बरोबर असण्यात माणसाला समाधान असतं हे मी समजू शकतो. यांचं समाधान समोरचा चुकला यात होतं, आणि ते मला फार हलकं वाटे.

आता राजव्वाबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यामुळेच मालकांची खरी ओळख पटली.

आमच्या घराच्या मागे एक बैठं घर होतं. तिथं राजव्वा आणि तिचा नवरा नरसय्या राहत. नरसय्यानं जन्मभर यंत्रमागावर चादरी विणल्या, राजव्वा घरी बसून विड्या वळायची. त्यांच्या घरातून रस्त्यावर यायला वाट एकच, आमच्या घराच्या कडेनं जाणारा बोळ. त्या बोळातून राजव्वाची सासू नवरी होऊन आत आली होती. पाणी, सरपण, सूत, सगळं तिथूनच जायचं यायचं. बोळाबद्दल कधी कुणी तक्रार केल्याचं पेठेत कुणाला आठवत नव्हतं.

मग नरसय्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. डॉक्टरांनी सांगितलं, व्यायामासाठी नेमानं दवाखान्यात आणा, सहा-आठ महिन्यांत चालेल, नाही आणलं तर असाच पडून राहील. राजव्वानं ओळखीची रिक्षा ठरवली. रिक्षा बोळातून थेट दारापर्यंत जायची. एके दिवशी वळताना रिक्षाचा आरसा मालकांच्या भिंतीला घासला आणि गिलाव्यावर बोटभर ओरखडा उठला.

त्या ओरखड्यासाठी मालकांनी बोळाच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. राजव्वा किल्ली मागायला आली. थाप मारली. काकूंनी दार हातभर उघडलं.

"घरी नाहीत."

"आवाज येतोय की ओ काकू."

काकूंनी मान खाली घातली आणि पुन्हा तेच सांगितलं. राजव्वा रोज येई, रोज तेच ऐकून जाई. घरात ती आता शेजारच्या माणसांच्या परसातून, कठडा ओलांडून ये-जा करू लागली. नरसय्याला मात्र तसं नेता येईना. तिचे दोन भाचे येत, त्याला उचलून कठड्यावर बसवत आणि पलीकडे उतरवून घेत. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून त्याला रस्त्यावर नेत. एकदा उतरवताना त्याचा लुळा हात कठड्यावर सोलवटला. तेव्हापासून तो घाबरला, कुणी उचलायला आलं की रडायचा. दवाखान्यात नेणं बंद पडलं. मी माडीच्या खिडकीतून हे बघायचो आणि खाली जाऊन मालकांशी भांडायचो. भांडण कसलं, मी बोलायचो आणि ते माझी वाक्यं दुरुस्त करायचे.

"माणूस कायमचा पांगळा होईल," मी एकदा म्हणालो.

"पांगळा न्हाय. पांगळा म्हंजे दोन्ही पाय. त्याची एक बाजू गेलीया."

मला त्या माणसाचा तेव्हा संताप यायचा. आजही येतो.

राजव्वानं दावा लावला. वाट मोकळी करून द्यावी आणि पुन्हा अडवू नये, एवढीच मागणी. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला. म्हातारा, पान खाणारा, दखनी बोलणारा माणूस. थाप, दार, "घरी नाहीत." दुसऱ्यांदा आला तेव्हा मालक ओट्यावरच बसले होते. त्याला पाहून ते उठले, आत गेले, दार लावून घेतलं आणि काकूंकडून सांगितलं की घरी नाहीत. बेलिफ हसला. "क्या काकी, अभी तो यहीं बैठे थे." त्यानं गल्लीतल्या दोघांना बोलावलं, त्यांच्यासमोर समन्स मालकांच्या दारावर डकवलं, त्यांच्या सह्या घेतल्या आणि गेला.

यानंतर मालकांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यांनी पुढच्या दाराचा वापरच सोडला. दारातून गेलं तर कागद दिसणार, दिसला तर वाचला जाणार, वाचला म्हणजे आवक झाला. म्हणून हे निवृत्त गृहस्थ रोज न्हाणीच्या बाजूच्या दारानं, वाकून, वाळत घातलेल्या लुगड्याखालून बाहेर पडू लागले. कागद उन्हानं पिवळा पडून गळून गेला, तोवर हे चाललं. काकूंना तो काढायची किंवा वाचून दाखवायची मनाई होती. "दारावर चिकटलाय म्हंजे तो दाराचा," ते मला म्हणाले. "माझा कसा?"

पण तारीख त्यांना पक्की ठाऊक होती. अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. आणि त्या तारखेला मालक कोर्टात गेले.

होय, गेले. इस्त्रीचा सदरा घालून गेले. कोर्टाच्या खोलीत सगळ्यात मागच्या बाकावर, गर्दीआड बसले आणि आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघत राहिले. शिपायानं नाव पुकारलं. हे बसून राहिले. पुन्हा पुकारलं, पुन्हा. हे आपल्या नखांकडे बघत बसले. संध्याकाळी माडीवर येऊन त्यांनी मला ही सगळी हकीकत सांगितली, शिपायाच्या आवाजाची नक्कल करून. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अख्खं कोर्ट मला शोधतंय आणि मी हितंच बसलोय," म्हणाले. हीच हकीकत त्यांनी पानपट्टीवर सांगितली, केस कापताना सांगितली, देवळात सांगितली.

पुढच्या तारखेलाही ते गेले. त्या दिवशी राजव्वाची साक्ष होती. समोर कुणी नसल्यामुळे दावा एकतर्फी चालला होता. तिनं काय सांगितलं ते मला मालकांच्याच तोंडून कळलं. ती म्हणाली होती, "साहेब, माझा माणूस घरात कोंडून पडलाय. मेल्यावर तर त्याला बाहेर काढावंच लागंल. मला तो जिता असताना बाहेर काढायचाय." हे ऐकत मालक मागच्या बाकावर बसले होते. ऐकून त्यांच्या मनात काय आलं असेल याचा मी विचार करत होतो, तर ते म्हणाले, "खोटं बोलली. भितीवरनं उचलून नेतो म्हणाली. भित कुठाय? कठडा हाय तो."

एकतर्फी हुकूमनामा झाला. फाटक काढावं, वाट कायमची मोकळी ठेवावी. त्याची प्रतही मालकांनी घेतली नाही. ते निश्चिंत होते. शेवटी राजव्वानं हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली, आणि बेलिफ फाटक तोडायला येणार अशी बातमी पसरली. तेव्हा प्रथमच त्यांच्या लक्षात आलं की कारखान्याचा साहेब आणि कोर्ट यात काही फरक असावा. न घेतलेला कागद चालत त्यांच्या दारात येत होता.

मग धावाधाव. वकील गाठला, अर्ज टाकला. अर्जातलं म्हणणं असं: मला समन्स मिळालंच नाही, तारखेची कल्पना नव्हती, तारखेच्या दिवशी मी करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला गेलो होतो, तरी एकतर्फी हुकूमनामा रद्द करून माझं म्हणणं ऐकावं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्याचं म्हणणं ऐकावं लागू नये म्हणून दार लावून घेतलं, त्यांचं म्हणणं आता ऐकायला हवं होतं. मी करमाळ्याची साक्ष द्यावी अशीही त्यांची इच्छा होती. मी नाही म्हणालो. त्यांनी मला "कृतघ्न" म्हटलं आणि लगेच त्या शब्दाचा अर्थही समजावून सांगितला.

अर्जावर मालकांची उलटतपासणी होती त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेलो. यंत्रमागांच्या गावात टॉवेलाच्या कारखान्यात नक्षी काढणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला करमणुकीचे प्रसंग फार नसतात. मालक पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांनी शपथेवर सांगितलं की त्या तारखेला आपण करमाळ्याला होतो. राजव्वाची वकील एक तरुण मुलगी होती, विरलेला काळा कोट, बारीक आवाज. ती शुक्रवार पेठेतच वाढलेली होती, आणि मालकांनी तिचीही शाळेतली कविता भर गल्लीत दुरुस्त केली होती, हे मला नंतर कळलं.

तिनं फार विचारलं नाही. देवीला कधी गेलात, कुणाबरोबर गेलात, असे दोन-तीन साधे प्रश्न विचारले. मालक ठसक्यात उत्तरं देत होते. मग ती अगदी सहानुभूतीनं म्हणाली, "तुमचीही काही चूक नाही. त्या दिवशी शिपायानं तुमचं नाव एकदाच पुकारलं, तेही आतल्या आत, हळू. कुणाला ऐकू जाणार?"

मालकांचे वकील खूश होऊन मान हलवू लागले. नुसतं "बरोबर" म्हणायचं होतं. मालकांचे ओठ हलले. मी मागच्या बाकावरून त्यांच्याकडे बघत होतो आणि मला कळलं की यांना हे गिळता येणार नाही.

"एकदा न्हाय," ते म्हणाले. "तीनदा. आणि हळू कुठं, पार व्हरांड्यात जाऊन वरडला की तो. दुसऱ्या खेपंला त्याला ठसका लागला होता."

वकील मुलगी खाली बसली. न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली.

"तुम्ही करमाळ्याला होतात ना?"

"व्हय," मालक म्हणाले. मग पुढं म्हणाले, "कमलाभवानीला."

मागे कुणीतरी हसलं. मीही हसलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

अर्ज नामंजूर झाला. निकाल सांगताना न्यायाधीशबाई त्यांना साध्या मराठीत म्हणाल्या, "ज्यांना समन्स मिळालं नाही किंवा काही अडचणीमुळे येता आलं नाही, त्यांच्यासाठी ही सवलत आहे, आजोबा. तुमच्या दारावर समन्स लागलं होतं, तुम्हाला तारीख माहीत होती, तुम्ही आलात, बसलात आणि मुद्दाम गप्प राहिलात. तुमचं पुन्हा काय ऐकायचं?" मालक वरच्या कोर्टात गेले. तिथंही त्यांचं काही चाललं नाही. घरी येऊन ते मला म्हणाले की निकालात आपलं वय एक वर्षानं चुकवलंय.

या सगळ्यात काकूंबद्दल मी फार बोललो नाही, कारण त्या स्वतःच फार बोलत नसत. फाटक लागल्यापासून त्या दुपारी मालक झोपले की आपल्या परसात जात आणि मधल्या कठड्यावरून राजव्वाच्या हातात काहीतरी देत, कधी भाकरी, कधी वांग्याची भाजी. राजव्वा ताट घेई, काकू पदर सावरत परत येत. मी खिडकीतून बघतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एकदा मला एवढंच विचारलं, "भाऊ, खोटं बोलायचं पाप सांगणाऱ्याला लागतं की सांगायला लावणाऱ्याला?" मी म्हणालो, सांगायला लावणाऱ्याला. त्या म्हणाल्या, "जीभ तर माझी हाय."

बेलिफ आला तो सकाळचा आला. सोबत दोन पोलीस आणि लोखंड कापणारा एक मिस्त्री. गल्ली गोळा झाली. फाटकाच्या पलीकडे राजव्वा उभी होती आणि तिच्याजवळ चाकाच्या खुर्चीत नरसय्या, अंगावर धुतलेला सदरा, केसांना तेल. तो आता पूर्वीपेक्षा वाळला होता. मालक घरात गेले आणि दार लागलं.

बेलिफनं थाप मारली. "क्या काकी, आज भी नहीं?"

काकूंनी दार हातभर नाही, पूर्ण उघडलं. हात पुढे केला, हातात किल्ली होती. बेलिफनं किल्ली घेतली, कुलपात घातली आणि फिरवू लागला. कुलूप हलेना. त्यानं जोर लावला, मग वाकून बघितलं.

"जंग चढ्या इसकू," तो मिस्त्रीला म्हणाला. "काटना पडता."

मिस्त्री यंत्राची वायर सोडू लागला. तेवढ्यात आतल्या खोलीतून, लावलेल्या खिडकीमागून, चिडलेला आवाज आला.

"जंग कुठाय? तेल घातलंय गेल्याच आठवड्यात. किल्ली उलटी धरलीया त्यानं."

बेलिफनं किल्लीकडे बघितलं, ती फिरवून पुन्हा कुलपात घातली, आणि कुलूप एका झटक्यात उघडलं. मग तो काकूंकडे वळला आणि हसू दाबत म्हणाला, "म्हणजे मालक घरी आहेत?"

काकूंनी एकदा मागे, त्या खिडकीकडे बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "घरी हायत. रोज घरीच असतात."

राजव्वानं खुर्ची ढकलली. बोळात भिंतीवरच्या त्या ओरखड्यापाशी नरसय्यानं डावा हात वर करून खुर्ची थांबवायला लावली, ओरखड्याकडे जरा वेळ बघितलं, आणि मग ते दोघं रस्त्यावर आले.